परतीची बाजू

सगळे त्यांना वकील म्हणत. प्रत्यक्षात ते कोर्टाची पायरी जन्मात एकदाच चढले होते, तेही एका प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारून घ्यायला. त्यांचा खरा धंदा कवळ्या करण्याचा. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाची मापं यायची. वकील त्यावरून प्लास्टरचे साचे ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचे, गुलाबी हिरड्या शिजवायचे आणि शेवटी चाकावर घासून कवळीला चकाकी आणायचे. घरामागच्या खोलीत खिडकीखाली एक लांब टेबल होतं आणि वरच्या फळीवर नंबर लावलेले जबडे ओळीनं मांडलेले असत. कवळी डॉक्टरकडे जायची आणि तिथून कोणाच्या तरी तोंडात. ते तोंड कोणाचं, कवळी टोचली का, बसली का, हे वकिलांना कधी कळायचं नाही.

"दिवसभर एवढी तोंडं समोर असतात आणि एकही बोलत नाही," ते म्हणायचे, "म्हणून संध्याकाळी सगळ्यांच्या वाटचं मी बोलतो."

आणि बोलायचेही तसेच. लहानपणी त्यांना खरंच वकील व्हायचं होतं. वडिलांची नजर गेली, घर काकांच्या आधारावर आलं आणि काकांनी सतराव्या वर्षी त्यांना या टेबलाशी आणून बसवलं. वकिली हुकली, नाव तेवढं मिळालं. कुठलीही बाजू द्या, ते ती अशी मांडायचे की समोरच्याच्या तोंडाला कुलूपच लागावं. बायकोनं मात्र लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांच्याशी वाद घालणं सोडलं होतं. "बरं, तुम्ही जिंकलात," असं म्हणायची आणि तिला जे करायचं तेच करायची.

काम आवरून हात धुतले की वकील निघायचे ते थेट पंपघराच्या फाटकाशी. तिथून कालव्याच्या कडेनं एक मातीची वाट लोखंडी पुलापर्यंत जायची. जायला पस्तीस मिनिटं, यायला तेवढीच. फाटकाशी दोघं हजर असायची. एक हेडबाई, म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांच्यासमोर वकीलसुद्धा नकळत ताठ उभे राहायचे. दुसरे मास्तर. हे शाळेतले मास्तर नव्हेत, शिंपी. नाकासमोर चालणारे, कमी बोलणारे, आणि बोललेच तर कात्री चालवायच्या आधी कापड दोनदा मोजावं तसं बोलणारे.

या तिघांचा खेळ न्यारा होता. बाकीचे लोक फिरताना रक्तदाब आणि सुनांबद्दल बोलतात. हे तिघं भलतेच प्रश्न घेऊन चालायचे. झोपेत माणूस कुठे असतो? कोणी बघत नसताना केलेलं चांगलं काम जास्त चांगलं का? एकदा मास्तरांनी विचारलं होतं, जुन्या कोटाचं अस्तर बदललं, मग बाह्या, मग कॉलर, मग पाठ, तर तो कोट तोच का? दोन दिवस डोकं पिकवून शेवटी त्यांनीच निकाल दिला, "गिऱ्हाईक तेच असेल तर कोट तोच."

सुरुवातीला एका वादावरून वकील आणि हेडबाई पंधरा दिवस एकमेकांशी बोलले नव्हते. तेव्हा बाईंनी शाळेत करायच्या तसे नियम केले. पहिला नियम, जाताना चिठ्ठी टाकून बाजू वाटून घ्यायच्या, पुलाच्या कठड्याला हात लावायचा आणि परतताना प्रत्येकानं स्वतःच्याच विरुद्ध बोलायचं. जाताना 'हो' म्हणणारा येताना 'नाही' म्हणणार. त्यामुळे फाटकाशी पोचेपर्यंत कोणाकडे कसलंही पक्कं मत उरायचं नाही आणि सगळे मोकळ्या मनानं घरी जायचे. दुसरा नियम, घरचं उदाहरण द्यायचं नाही. हा वकिलांमुळे करावा लागला, कारण प्रत्येक वादात त्यांच्या सासूबाई यायच्या.

चार वर्षं हे सुरळीत चाललं.

त्या दिवशी प्रश्नाची पाळी मास्तरांची होती. ते दुकानातून तसेच आले होते, मोजपट्टी गळ्यात राहिलेली. फाटक ओलांडलं तरी ते गप्पच. शेवटी बाईंनी हटकलं, "मास्तर, प्रश्न?"

"विचारतो," मास्तर म्हणाले. "समोरच्यानं मागितलीच नाही, तर त्याला माफी देता येते का?"

चिठ्ठीत वकिलांना आलं, 'देता येत नाही'. त्यांना दोन्ही बाजू सारख्याच. ते घसा खाकरून सुरू झाले आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा त्या दिवशी असा सुटला की काय सांगावं.

"माफी ही काय उघड्या खिडकीतून आत टाकायची वस्तू आहे? समोरचा हात पुढे करत नाही तोवर ती ठेवायची कोणाच्या हातावर? न मागता माफ करणारा काय करतो, तर स्वतःचा मोठेपणा मिरवतो. तो म्हणतो, तू चुकलास हे मी ठरवलं आणि सोडून दिलं हेही मीच ठरवलं. म्हणजे समोरच्याला दोन्हीकडून वगळलं. शिवाय बाई, ज्यानं मागितली नाही त्याला अजून पटलेलंच नाही. अशाला माफ करणं म्हणजे शिजायच्या आधी भांडं उतरवणं."

"आणि मागायला त्याला वेळच मिळाला नाही तर?" मास्तरांनी विचारलं.

वकिलांनी क्षणभरही विचार केला नाही. "ज्याला मागायची असते त्याला एक क्षण पुरतो, मास्तर. ज्याला मागायची नसते त्याला सगळा जन्म पुरत नाही."

हेडबाईसुद्धा "वा!" म्हणून गेल्या. बाईंकडून "वा" मिळवायला वकिलांना चार वर्षं लागली होती.

आता खरं सांगायचं तर वकिलांनी त्याच वेळी मास्तरांकडे पाहिलं होतं. मास्तर मोजपट्टीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. चेहरा उतरलेला. हा प्रश्न हवेतला नाही, याच्या घरचा आहे, असं वकिलांच्या मनात येऊन गेलं. अगदी स्पष्ट आलं. पण पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं, आणि इतकं झकास होतं की ते गिळणं त्यांना जमलं नाही.

पूल आला. कठड्याला हात लावला. परतीची बाजू वकिलांच्या डोक्यात एव्हाना जुळलीही होती, आणि मनातल्या मनात त्यांना ती जाण्याच्या बाजूपेक्षा खरी वाटत होती. तेवढ्यात पुलावरून एक स्कूटर आली. वकिलांना सगळ्यात जास्त काम देणारे डॉक्टर. एरवी वर मान करून न बघणारा हा माणूस थांबला आणि म्हणाला, "बसा, घरापर्यंत सोडतो. कामाचं बोलायचंय."

डॉक्टरांच्या स्कूटरवर मागे बसून बाजारातून जायचं, चार लोकांनी बघायचं! वकील बसलेसुद्धा.

"अहो, पण दुसरी बाजू?" मास्तर मागून म्हणाले.

"उद्या!" वकिलांनी हात हलवला.

उद्या काही आलं नाही. डॉक्टरांना शनिवारपर्यंत तीन पूर्ण कवळ्या हव्या होत्या. वकील पाच दिवस टेबलावरून उठले नाहीत. जेवणसुद्धा त्या जबड्यांच्या शेजारीच. मास्तरांना एक फोन करावा असं एकदाही मनात आलं नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. एकदा आलं होतं. हात मेणानं भरलेले होते. नंतर करू म्हणाले आणि विसरले.

सहाव्या दिवशी मोठ्या दिमाखात ते फाटकाशी गेले, तर हेडबाई एकट्याच उभ्या.

"मास्तरांचा थोरला भाऊ गेला," त्या म्हणाल्या. "काल दुपारी. परगावी असायचा."

"भाऊ? मास्तरांना भाऊ होता?"

"अकरा वर्षं बोलणं नव्हतं. मलाही त्यांच्या बायकोनं आज सांगितलं." बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "आपण तो प्रश्न घेतला ना, त्याच दुपारी वहिनीचा फोन आला होता. बरं नाही, येऊन जा म्हणून."

वकिलांनी पुलाच्या दिशेनं पाहिलं.

"तुम्ही गेल्यावर मी म्हटलं, परतीची बाजू मी मांडते. तर म्हणाले, नको बाई, ती वकिलांकडूनच ऐकायचीय." बाई थांबल्या. शाळेत त्या अशाच थांबत असणार, ज्या मुलीनं चूक केली तिला स्वतःला कळेपर्यंत. "रोज येत होते हो ते. या फाटकाशी उभे राहायचे. फिरायला चला म्हटलं तर नको म्हणायचे. वकील आले का, एवढंच विचारायचे आणि दुकानात परत जायचे. जायला त्यांना कोणीतरी हो म्हणायला हवं होतं, दुसरं काही नाही."

त्या संध्याकाळी वकील फिरले नाहीत. घरी आले, मागच्या खोलीत बसले. बायको चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"माझ्यामुळे झालं गं हे."

"तुमच्यामुळे?" ती म्हणाली. "तीस वर्षांत तुमचं बोलणं मी कधी मनावर घेतलं का? मास्तर काय कुकुलं बाळ आहेत?"

"त्यांनी घेतलं मनावर. तेच तर."

तिनं कप टेबलावर ठेवला. "मग जाऊन भेटा. इथं बसून उसासे टाकू नका, मेण वितळेल."

मास्तर परगावाहून दोन दिवसांत परतले. ते अखेरच्या निरोपापुरतेच गेले होते, मागच्या रांगेत उभे राहून तसेच परत फिरले होते. वकील दुकानात गेले तेव्हा ते एका पँटची तळपट्टी उसवत होते. दुकान कसलं, दोन कपाटांमधला बोळच. एक मशीन, एक कापायचा फळा, खुंटीला लटकवलेले अर्धे शिवलेले कपडे. वकील येताना पाच वाक्यं जुळवून आले होते. बसायला स्टूल मिळाल्याबरोबर ती सगळी विसरली.

मास्तरच बोलले. इतकं ते चार वर्षांत एका दमात बोलले नव्हते.

"आमचं दुकान एकत्र होतं. एकदा गिऱ्हाईकाचं कोटाचं कापड सापडेना. भाऊ भर दुकानात, गिऱ्हाईकासमोर म्हणाला, यानंच नेलं. मला चोर म्हणाला. मी मशीन उचललं आणि या गावात आलो. कापड नंतर कपाटाच्या मागे सापडलं. पुतण्यानं स्वतः काढलं. भावानं ते गुपचूप फळीवर ठेवलं, पण मला कधी कळवलं नाही. पुतण्याही मूग गिळून बसला. मला हे तिसऱ्याकडून कळलं."

दोरा दातानं तोडून ते पुढे म्हणाले, "वहिनीचा फोन आला तेव्हा मी विचारलं, त्यानं बोलावलंय का? ती म्हणाली, नाही, मी बोलावतेय. तरी मी पिशवी भरली होती. दोन शर्ट, दाढीचं सामान. मग तुम्ही ते बोललात. पिशवी तशीच राहिली."

वकील स्टुलावर पुढे सरकले.

"पण तुम्ही म्हणालात तेच खरं झालं," मास्तर म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक विचित्र समाधान आलं, जे वकिलांना बघवेना. "मागायची असेल तर एक क्षण पुरतो. त्याला पाच दिवस मिळाले. नाही मागितली. म्हणजे मी गेलो नाही, ते बरोबरच झालं. एवढ्यावरच मी उभा आहे, वकील. आता वहिनी म्हणतेय, येऊन चार दिवस राहा, घर खायला उठतं. पुतण्यालाही भेटायचंय म्हणे. मी सांगितलं, त्यानं आधी मागावी. मागितल्याशिवाय मी पाय ठेवणार नाही. बरोबर आहे ना?"

त्या "ना"पाशी वकिलांनी सगळं सांगायला हवं होतं. चिठ्ठीत आलं म्हणून बोललो, खरं माझं मत उलटं होतं, असं. पण समोर एक माणूस त्यांच्याच एका वाक्याला धरून उभा होता. ते काढून घेतलं तर हा कोसळेल, असं त्यांना वाटलं. की आपण उघडे पडू, असं वाटलं? दोन्ही वाटलं, आणि दुसरं जास्त.

"हो," ते म्हणाले. "बरोबर आहे."

घरी परत येताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ओळखीचा माणूस दिसला तर त्यांनी रस्ता बदलला. पहिला गुन्हा निदान निष्काळजीपणाचा होता. हा दुसरा पूर्ण शुद्धीत केलेला. हात कामाला लागेनात. एका कवळीत त्यांनी वरचे दात खालच्या जबड्याला बसवले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सांगितलंत तर तुमचं ओझं उतरेल आणि त्यांच्या डोक्यावर चढेल."

"मग नको सांगू?"

"भाऊ तर गेला. पण ती वहिनी जिवंत आहे ना? तो पुतण्याही आहे. त्यांना मास्तर तुमच्या एका टाळीच्या वाक्यापायी सोडणार." ती उठली. "आता म्हणा, मी जिंकलो."

पुढच्या आठवड्यात मास्तर फाटकाशी आले. हेडबाईंनी दोघांकडे एकदा पाहिलं आणि गुडघा दुखतोय म्हणाल्या. त्यांचा गुडघा याआधी कधी दुखल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. दोघं निघाले. कालव्याला पाणी कमी होतं, कडेनं चिखलात बगळे उभे होते. मास्तरांची चप्पल फटफट वाजत होती. पूल आला.

वकिलांनी कठड्याला हात लावला. "मास्तर, माझी एक बाजू राहिलीय."

"राहू द्या आता."

"नाही, ऐकाच."

आणि आयुष्यात पहिल्यांदा वकिलांना बोलता येईना. एक वाक्य सुरू करावं, अर्ध्यावर सोडावं, दुसरं धरावं, असं चाललं. मास्तर निमूटपणे शेजारून चालत होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "इतकं वाईट तुम्ही कधी बोलला नाहीत. त्या दिवशी स्कूटरवर बसलात तेव्हा हेच तयार होतं तुमच्याकडे?"

"नाही."

"मग जे तयार होतं ते सांगा."

वकील थांबले. मग बोलले, मास्तरांकडे न बघता, कालव्याकडे बघत.

"मागितल्याशिवाय माफी देता येते. मी म्हणणार होतो की मागणं हे सगळ्यांना जमत नाही. काही माणसांची जीभच तिथे वळत नाही. एक वेळ ती मरायला तयार होतील, पण तोंडानं म्हणणार नाहीत. अशी माणसं दाराकडे बघत बसतात. त्यांचं मागणं तेवढंच असतं. मी म्हणणार होतो की राग आपल्या छातीवर असतो, समोरच्याच्या नाही, तो उतरवायला त्याची परवानगी लागत नाही. आणि शेवटी मी म्हणणार होतो की जायचं की नाही हा प्रश्न ज्याला पडतो, त्याला जायचंच असतं. ज्याला जायचं नसतं त्याला प्रश्न पडत नाही."

मास्तर चालायचे थांबले होते.

"आणि यातलं तुमचं कुठलं?" त्यांनी विचारलं. "जातानाचं की येतानाचं?"

"येतानाचं. त्या दिवशीही येतानाचंच होतं. दुकानात 'हो' म्हणालो तेव्हाही."

मास्तर वाटेच्या कडेला पाइपाच्या तुकड्यावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते रडले, आवाज न करता, खांदे हलत होते तेवढंच. वकील शेजारी उभे राहिले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटत होतं, पण तो हक्क आपण गमावला आहे असंही वाटत होतं. हात तसाच राहिला.

"वहिनी सांगत होती," मास्तर बऱ्याच वेळानं म्हणाले, "त्यानं पलंग दाराकडे तोंड करून लावायला सांगितला होता. मी म्हटलं, वाऱ्यासाठी असेल." त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "हे त्या दिवशी सांगितलं असतंत, तर मी गेलो असतो."

रागानं म्हणाले असते तर वकिलांना सोसलं असतं. ते साधं म्हणाले.

"माहीत आहे," वकील म्हणाले. मग ज्या माणसानं कधी वादात माघार घेतली नव्हती, बायकोलासुद्धा चुकलो असं म्हटलं नव्हतं, तो माणूस म्हणाला, "मास्तर, मला माफ करा."

मास्तर उठले. कपडे झटकले. दोघं चालू लागले. फाटक दिसायला लागलं तरी मास्तर बोलले नाहीत, आणि वकिलांनी पुन्हा विचारलं नाही.

फाटकाशी मास्तर थांबले.

"उद्या सकाळच्या गाडीनं वहिनीकडे जातो," ते म्हणाले. "पुतण्यानं मागितली नाही तरी देणार आहे. त्याला बोलायला लावत नाही."

वकिलांनी मान हलवली.

"तुम्ही मागितलीत," मास्तर म्हणाले, "पण ती माझ्याच्यानं अजून देववत नाही."